दगडालाही पाणी पाजा

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे टंकन बंद होतं. (आता सगळं ठीक आहे. फोन करून चौकशी केलीत त्या सगळ्यांचे आभार.) डॉक्टरांनी अजून महिनाभर डोळ्यांना ताण देऊ नका म्हणून बजावलंय. पण दिवाळीत आमच्याकडे झालेला वाद अर्धाच राहिला, आणि अर्धवट राहिलेला वाद मला झोपू देत नाही. हाडाची मास्तरीण आहे, काय करणार!

तर वाद असा. माझ्याकडे दगड कापायची एक छोटी करवत आहे, हे नातेवाइकांना ठाऊक आहे आणि नियमित वाचणाऱ्या मंडळींनाही. सहा इंची ब्लेडची. ब्लेड मुलानं अमेरिकेहून आणून दिलं आणि बाकी सगळी करवत, म्हणजे मोटर, पट्टा, खालचं तसराळं, दगड धरायचा शिकंजा, भोसरीच्या माझ्या भाच्यानं त्याच्या वर्कशॉपमध्ये बनवली. त्यामुळे त्या करवतीवर दोघांचाही हक्क आहे आणि सल्ले द्यायचाही. भाऊबिजेला दोघे समोरासमोर आले. (मुलगा व्हिडिओ कॉलवर होता, पण जिलबी सोडून बाकी सगळ्यात हजर होता.) विषय निघाला तसराळ्यात काय घालायचं. भाचा म्हणाला, "आत्या, पाणी घालतेस? मशीन गंजून जाईल. तेल घाल." मुलगा म्हणाला, "आई, इकडे क्लबात सगळे मिनरल ऑइलच वापरतात. ब्लेड दुप्पट टिकतं." दोघांचं एकमत झालेलं मी गेल्या वीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. आणि ते माझ्याविरुद्ध झालं!

मी पाणीवाली आहे. का, ते आज सविस्तर सांगते. तेलवाल्यांनी शेवटपर्यंत वाचावं आणि मग भांडावं.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. मी शाळेत भूगोल आणि मराठी शिकवलं. भूगोलाच्या तासाला 'दख्खनचं पठार लाव्हारसापासून बनलं' हे वाक्य किती वेळा म्हटलं असेन, देव जाणे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा तो लाव्हा. तो थंड होताना आत वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या पोकळ्यांत खनिजं साचली. पाषाणच्या खाणींतलं हिरवं अपोफिलाइट आणि वाघोलीच्या खाणीतलं निळंभोर कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहालयांत आहे. आणि अकीक तर आपल्याकडे नदीच्या पात्रात, नांगरलेल्या रानात सहज सापडतो. शिरूरजवळ घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून उत्खनन केलं, तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची याच जातीच्या दगडाची पाती निघाली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून भडोचला ओनिक्स जात असल्याची नोंद आहे. म्हणजे हे दगडाचं वेड माझ्या एकटीचं नाही, या मातीतच आहे.

सहलींना गेलं की मुलं पेरू गोळा करायची आणि मी गोटे. निवृत्तीनंतर वाटलं, या गोट्यांच्या आत काय आहे ते बघू या. म्हणून करवत.

आता मुद्द्यावर येते.

या करवतीच्या ब्लेडला दाते नसतात. कडेला धातूत बारीक हिऱ्याचे कण बसवलेले असतात आणि ते दगड घासत घासत नेतात. अकीक मोहजच्या मोजपट्टीवर सातच्या आसपास कठीण. घर्षणानं भयंकर उष्णता निर्माण होते. ती वाहून नेली नाही तर हिरा धरून ठेवणारा धातू खराब होतो, ब्लेड गुळगुळीत होतं आणि दगडही तडकतो. म्हणून ब्लेडची खालची कड तसराळ्यातल्या द्रवात बुडलेली ठेवतात. फिरताना ती द्रव वर खेचून घेते.

हा द्रव काय करतो? पुस्तकात तीन कामं सांगतात. एक, थंड ठेवणं. दोन, वंगण. तीन, कापलेला भुगा चिरेतून बाहेर काढणं. तेलवाल्यांचा सगळा युक्तिवाद या तीन कामांवर चालतो आणि तो खोटा नाही, हे मी आधीच कबूल करते. वंगण म्हणून तेल पाण्यापेक्षा कितीतरी चांगलं. ब्लेड जास्त टिकतं, चीर गुळगुळीत येते, लोखंडाला गंज नाही. थंड करण्याच्या बाबतीत मात्र पाणी पुढे. तेवढंच तापायला पाणी तेलाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता पोटात घेतं. हे मी भूगोलात समुद्रकिनाऱ्याचं हवामान शिकवतानाही सांगत असे!

पण माझं भांडण या तीन कामांबद्दल नाहीच. माझं म्हणणं आहे की चौथं काम कोणी मोजतच नाही. ते म्हणजे दगडाची धूळ कापणाऱ्याच्या छातीत जाऊ न देणं. आणि ते मोजायचं तर द्रव निवडताना पहिला प्रश्न 'ब्लेड किती टिकेल' हा नव्हे, तर 'या खोलीतली माणसं काय श्वासात घेणार' हा हवा. ब्लेड बदलता येतं.

हे शहाणपण मला आधीपासून होतं असं मात्र नाही. आता माझी फजिती सांगते.

करवत नवी असताना एका अनुभवी म्हणवणाऱ्या गृहस्थांनी सांगितलं, रॉकेल घाला, स्वस्त आणि मस्त. माळ्यावर स्टोव्हच्या काळातला जपून ठेवलेला डबा होताच. शिवाय 'रॉकेल' हा शब्दच म्हणे 'रॉक ऑइल'वरून आलेला. मराठीच्या शिक्षिकेला एवढं निमित्त पुरलं. दगडाचं तेल दगडाला! मागच्या बाल्कनीत करवत मांडली आणि पावसाळाभर रॉकेलवर दगड कापले. चीर सुरेख यायची, हे सांगायलाच हवं. पण बाल्कनीभर एक अगदी बारीक तुषार पसरायचा. पडद्यांना वास, वाळत घातलेल्या चादरींना वास, माझ्या केसांना वास. आमच्या ह्यांना दमा आहे. त्या वर्षी त्यांचा दमा नेहमीपेक्षा जास्त उफाळला. डॉक्टरांनी विचारलं, "घरात नवीन काही सुरू केलंय का? रंगकाम, अगरबत्ती, फवारणी?" मी गप्प. ह्यांनीच माझ्याकडे बघून हसत सांगितलं, "ही रॉकेलवर दगड तळते."

रॉकेलमुळेच त्रास वाढला असं काही डॉक्टर ठामपणे म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणत नाही. पण ज्या माणसाला श्वास घेताना धाप लागते त्याच्या खिडकीशेजारी मी महिनोन्महिने तेलाचा तुषार उडवत होते, आणि का, तर ब्लेड टिकावं म्हणून. त्या दिवशी घरी येऊन तसराळं रिकामं केलं.

नंतर वाचायला लागले तेव्हा कळलं की छातीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी रॉकेल वेडेपणाच होता. द्रवाच्या वाफेनं ठिणगीवर भडका घ्यायला किमान जे तापमान लागतं त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. आपल्याकडच्या मानकांनुसार रॉकेल आणि डिझेल दोन्हींसाठी तो किमान पस्तीस अंश सेल्सिअस असावा लागतो. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो! त्यात ब्लेडनं उडवलेला बारीक तुषार आणि शेजारी ठिणग्या टाकणारी मोटर. आमच्या इमारतीचं नशीब चांगलं, एवढंच म्हणेन. अजूनही कोणी डिझेल घाला म्हणून सल्ला देत असेल तर त्याला आधी स्वतःच्या घरात घालायला सांगा.

मुलगा म्हणतो ते मिनरल ऑइल वेगळं, हे मला मान्य आहे. त्याचा फ्लॅश पॉइंट दीडशे अंशांच्या घरात, वास नाही. मोठ्या करवती, दहा-बारा इंचांच्या वरच्या, झाकणबंद पेटीत चालतात, तास-तास एकच चीर चालू असते, माणूस बाजूला उभा असतो. तिथे तेल योग्य आहे. मुलाच्या क्लबात तशीच व्यवस्था आहे, वेगळी शेड आहे, हवा खेचणारा पंखा आहे. पण माझ्या बाल्कनीत झाकण नाही, शेड नाही आणि खालच्या मजल्यावर सहा महिन्यांचं बाळ आहे. क्लबाची गोष्ट बाल्कनीत आणायची नसते. तेलाचा तुषार वर्षानुवर्षं श्वासात गेला तर तोही फुप्फुसाला त्रास देतो, त्यानं होणाऱ्या न्यूमोनियाला वैद्यकशास्त्रात वेगळं नावसुद्धा आहे. आणि दगडाच्या चिखलात मुरलेलं तेल टाकायचं कुठे? मोरीत ओतलं की ते मुठेत. मुठेत आधीच पुरेसं आहे.

आता बाकीचे सल्ले. दिवाळीच्या त्या दिवशी प्रत्येकाकडे एकेक होता.

धाकट्या जावईबापूंनी सुचवलं, गाडीचं कूलंट घाला, नावातच कूलंट आहे. इथे नावानं घात होतो म्हणून मुद्दाम लिहिते. रेडिएटरमध्ये घालतात त्या रंगीत कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि विषारी. उघड्या तसराळ्यात ठेवलं आणि मांजरानं चाटलं तर मांजर जातं, मूल प्यायलं तर मुलाच्या जिवावर बेततं. घरात नातवंडं आणि जिन्यात तीन मांजरं असताना हा प्रयोग नकोच.

वहिनी म्हणाल्या, गोडं तेल घाल. वहिनी, गोडं तेल हवेनं चिकट होतं, खवट वास सुटतो आणि त्यात दगडाचा भुगा मिसळला की असा काही लगदा होतो की तुमच्या जुन्या कढईची आठवण यावी. (रागावू नका.)

भाच्याचा दुसरा सल्ला सर्वांत विचार करण्यासारखा होता. लेथवर वापरतात ते पाण्यात मिसळणारं कटिंग ऑइल. वीस भाग पाण्यात एक भाग घातलं की दुधासारखं पांढरं होतं. गंज रोखतं, थोडं वंगणही होतं. रोज आठ तास मशीन चालवणाऱ्याला ते ठीक. पण मी आठवड्यातून एकदा, तासभर कापते. बाकी सहा दिवस ते पांढरं पाणी तसंच राहिलं की त्यात जंतू वाढतात, आणि उन्हाळ्यात त्याचा वास काय वर्णावा! हातांना खाजही सुटते. वापरायचं तर थोडं करा, काम झालं की काढून टाका. मी दोन महिने वापरून सोडलं.

शेवटी दगडाचंही मत विचारायला हवं, नाही का? अकीक दिसतो घट्ट, पण त्यात अतिसूक्ष्म छिद्रं असतात. जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइन गावाचा अकीक रंगवण्याचा मोठा धंदा याच छिद्रांवर उभा राहिला. दगड साखरेच्या पाण्यात मुरवायचा, मग गंधकाम्लात घालायचा, की आतली साखर काळी पडते आणि काळा ओनिक्स तयार! साखरेचं पाणी आत शिरतं तर तेल का नाही शिरणार? माझ्या रॉकेलच्या काळातला एक शेवाळी अकीक अजून शोकेसमध्ये आहे. साबण, सोडा, ऊन, सगळं करून झालं. नाकाजवळ नेला की अजूनही स्टोव्ह आठवतो. आणि झिओलाइट कुळातले ते आपले पुण्याचे नाजूक स्फटिक, त्यांना तर तेल दाखवूच नये. त्यांच्या बारीक सुयांमध्ये शिरलेलं तेल निघत नाही. (१७५६ मध्ये क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञानं हे नाव ठेवलं, त्याचा अर्थ 'उकळणारा दगड', कारण तापवलं की त्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. पाणी पोटात घेऊन बसलेला दगड!)

इथपर्यंत गंमत झाली. आता गंभीर बोलते.

अकीक म्हणजे सिलिका. कोरडा कापला किंवा घासला की जी धूळ उडते त्यातले सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत. केसाची जाडी सत्तर मायक्रॉनच्या आसपास धरली तर हे कण दहा मायक्रॉनहून लहान, बरेचसे त्याहूनही कितीतरी लहान. ते फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात, तिथे व्रण होतात, फुप्फुस कडक होत जातं. याला सिलिकोसिस म्हणतात. यावर उपाय नाही. क्षयाचा धोका वाढतो तो वेगळाच. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आयएआरसी या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९९७ मध्ये स्फटिकी सिलिकाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. आपल्याकडच्या १९४८ च्या कारखाना कायद्यात सिलिकोसिस हा सरकारला कळवणं बंधनकारक असलेला आजार होता. म्हणजे हे कोणाला नव्यानं कळलेलं नाही.

खंभातला अकीकाचे मणी घासणारे कारागीर आहेत. रतनपूरच्या खाणीतला दगड, हजारो वर्षांची परंपरा, अप्रतिम हात. आणि त्याच खंभातजवळच्या शकरपूर गावात घरोघरी सिलिकोसिसनं गेलेली माणसं. घासायचं चाक घरात किंवा अंगणात, त्यामुळे धूळ कारागिराबरोबर घरच्यांच्याही वाट्याला. माझ्या कानातले लाल कुड्यांचे खडे तिथलेच असावेत. ते घेताना मी रंग पाहिला, भाव केला. दुसरं काही विचारलं नाही.

पण मला खरा चटका बसला तो मंदसौरमुळे. मध्य प्रदेशातला हा जिल्हा मुलांना अफूच्या पिकासाठी सांगायचे मी. तिथे आणखी एक धंदा होता, पाटीवरच्या पेन्सिलींचा. दगड विजेच्या करवतींवर कापून त्या पेन्सिली बनवत. धूळ इतकी की तरुण पोरं सिलिकोसिसनं जायची. अखेर १९८२ मध्ये मध्य प्रदेशानं या कामगारांसाठी कल्याण निधीचा स्वतंत्र कायदा केला. आणि त्याच काळात मी इथे पुण्यात पहिलीच्या वर्गात उभी राहून म्हणत होते, "पेन्सिल विसरलास? जा, कोपऱ्यात उभा राहा." त्या पेन्सिलीचे तुकडे आम्ही लहानपणी खाल्ले, माझ्या विद्यार्थ्यांनी खाल्ले. ती कुठून येते, कोण कापतं, कशी कापतं, हे तेहतीस वर्षांत भूगोलाच्या बाईंना एकदाही विचारावंसं वाटलं नाही. दगड कापायची करवत माझ्या हातात आली तेव्हा कळलं की मी आयुष्यभर दुसऱ्याच्या करवतीवर शिकवत आले.

म्हणून 'एवढंसं तसराळं, काय घालायचं ते घाला' असं कोणी म्हटलं की माझा पारा चढतो.

मुलानं माझा मुद्दा खोडायला म्हटलं, "आई, सिलिकोसिस कामगारांना होतो. तू आठवड्यातून तासभर कापतेस." बरोबर आहे. मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी सिलिकोसिस होणार नाही, दुसरं काहीतरी होईल. पण आम्ही हौशी माणसं पुस्तकं वाचतो, व्हिडिओ बघतो, ब्लेडच्या कंपन्यांची तुलना करतो. कसं कापायला हवं हे आम्हाला माहीत असतं. मग आमच्याच स्वयंपाकघरात ओट्याचा ग्रॅनाइट कोरडा कापला जातो तेव्हा आम्ही शेजारच्या खोलीचं दार लावून का बसतो?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वरच्या मजल्यावर काम निघालं. दोन पोरं, विशीतली असतील, जिन्याच्या मोकळ्या जागेत ग्राइंडरनं ग्रॅनाइट कापत होती. तोंडाला रुमाल. जिना पांढरा, पोरं पांढरी, भुवयासुद्धा पांढऱ्या. मी पाण्याची बाटली घेऊन गेले आणि म्हटलं, मी पाणी ओतते, तुम्ही कापा. पोरगा हसून म्हणाला, "आजी, शॉक बसंल." त्याचं बरोबरच होतं. साध्या ग्राइंडरवर असं पाणी ओतणं धोक्याचंच, मी लाजले. मग ठेकेदाराला विचारलं, पाण्यावर चालणारं कटर मिळत नाही का? म्हणाला, "आहे की. गोडाऊनला पडलंय. पाण्यानं चिखल होतो काकू. सोसायटीवाले ओरडतात, जिना पुसायला माणूस लागतो."

म्हणजे यंत्र आहे, पाणी आहे. अडलंय ते चिखलावर! चिखल दिसतो, म्हणून त्याची तक्रार होते. धूळ त्या पोरांच्या छातीत जाते, ती पुसायला माणूस लागत नाही. आणि ओरडणारे सोसायटीवाले कोण? आपणच की. मीटिंगला चहा-बिस्किटं खाणारे.

ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून ओट्यांसाठीचा कृत्रिम क्वार्ट्झ दगड बनवणं, विकणं आणि बसवणं यांवर बंदी घातली, कारण तो कापणारे तरुण कामगार सिलिकोसिसनं आजारी पडत होते. इकडे त्याच क्वार्ट्झच्या ओट्याच्या जाहिराती येतात. राजस्थाननं २०१९ मध्ये सिलिकोसिसच्या रुग्णांसाठी धोरण आणलं, चांगलं केलं. पण आजार झाल्यावरचं धोरण आणि आजार न होण्याची बादली यांत मी बादलीला आधी मत देईन.

पाणी म्हणजे जादू नाही, हेही सांगते, नाहीतर तेलवाले मला धरतील. पाण्याचा तुषारही धुळीचे कण घेऊन उडतो. म्हणून मी काय करते ते लिहिते, कोणाला उपयोग झाला तर होवो.

ब्लेडवर झाकण बसवून घेतलंय, समोर रबराचा पडदा. करोनानं शिकवलेला एन-९५ मास्क नाकाला घट्ट बसवते, साधा रुमाल नाही. करवतीची लाइन तीस मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरून घेतलीय आणि अर्थिंग तपासून घेतलंय, कारण पाणी आणि वीज यांचं पटत नाही. टँकरचं पाणी जड असतं, त्याचे डाग पडतात, म्हणून नळाचं वापरते. पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालते, लोखंडाला गंज कमी येतो (तसराळं ॲल्युमिनियमचं असेल तर सोडा नको). काम संपलं की तसराळं लगेच रिकामं, ब्लेड आणि दांडा पुसून कोरडा, बेअरिंगला एक थेंब तेल. तेलाची जागा तिथे, भाच्या! बारा वर्षांत एकदा बेअरिंग बदललं, बस.

आणि सर्वांत महत्त्वाचं, तो गाळ. गाळ मोरीत ओतायचा नाही, सिमेंटसारखा बसतो. बादलीत रात्रभर ठेवायचा, वरचं पाणी निथळून घ्यायचं आणि खालचा गाळ ओला असतानाच पिशवीत घालून तोंड बांधायचं. वाळू द्यायचा नाही. वाळला की तो पुन्हा धूळ होतो आणि झाडणाऱ्या बाईच्या नाकात जातो. आपण वाचलो आणि ती सापडली, असं नको. बाल्कनीही झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची.

ब्लेड थोडं लवकर झिजतं. झिजू दे. चीर जरा खरखरीत येते, पॉलिश करताना दहा मिनिटं जास्त घासावं लागतं. निवृत्त माणसाकडे दहा मिनिटांची काय कमी!

तर मुला, भाच्या, आणि बाकी तेलवाले, तुमचं मत मी ऐकलं, छापलं आणि बरंचसं मान्यही केलं. पाणी हे फुकट मिळतं म्हणूनच आपण त्याला किंमत देत नाही, बाटलीत भरून वर इंग्रजी नाव चिकटवलेलं काही हवं असतं, असा मला संशय आहे. मराठीत 'पाणी पाजणं' म्हणजे हरवणं. अकीकासारख्या कठीण दगडालाही पाणी पाजता येतं, आणि पाणीच पाजावं.

एक मागणं मात्र आहे. यंदा तुमच्यापैकी तिघांकडे घराचं काम निघतंय, मला माहीत आहे. फरशीवाल्याला, ओटेवाल्याला भाव विचारताना एकच प्रश्न जास्त विचारा, "पाण्यावर कापणार का?" आणि चिखल पुसायच्या माणसाची मजुरी तुम्ही द्या. सोसायटीत कोणी ओरडलं तर माझं नाव सांगा.

असो. डोळ्यांत पाणी यायला लागलंय, स्क्रीनमुळे. डॉक्टरांचे थेंब घालायची वेळ झाली.